प्रकल्प नोंदी : एन्रॉनचे मेल आणि तारखेचे शिक्के

२ ऑगस्ट २०२५, शनिवार

कॉलेजच्या प्रोजेक्टचा विषय फायनल झाला एकदाचा. "ईमेल आणि सोशल मीडियाचा तपास" एवढंच सरांनी दिलं होतं, डेटा कुठला घ्यायचा ते आमच्यावर. पार्टनर म्हणाली आपणच दोन-चार फेक अकाउंट काढू, एकमेकींना धमकीचे मेल पाठवू आणि मग त्यांचाच तपास करू. म्हटलं चोर पण आपण, पोलीस पण आपण, मग सापडणारच ना! खरा डेटा पाहिजे. आणि खऱ्या कंपनीचे खरे मेल, तेही कायदेशीर मार्गाने उघड झालेले, म्हटलं की शेवटी सगळे एन्रॉनवरच येतात.

पार्टनर नागपूरची, तिला एन्रॉन म्हणजे अमेरिकेतली बुडालेली कंपनी एवढंच माहीत. आमच्या गुहागर तालुक्यात एन्रॉन म्हणजे अंजनवेलजवळचा प्रकल्प. कागदोपत्री ती दाभोळ पॉवर कंपनी, पण दाभोळ गाव आहे खाडीपलीकडे दापोली तालुक्यात, धोपाव्याहून फेरीबोटीने जायचं. प्रकल्प इकडे आणि नाव तिकडचं. आता तो रत्नागिरी गॅस अँड पॉवरचा आहे तरी आमच्याकडे अजून "एन्रॉनच्या गेटवर उतरव" असंच सांगतात एसटीत. काका तिथे वेल्डर होते, २००१ मध्ये काम बंद पडेपर्यंत. सरांना हे सांगितलं तर म्हणाले भावनिक होऊ नका, हॅश काढा. (हॅश म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ठसा, एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.)

४ ऑगस्ट, सोमवार

डाउनलोड झाला. हा डेटा बाहेर कसा आला तेवढं लिहून ठेवते, रिपोर्टच्या पहिल्या पानावर लागेल. २ डिसेंबर २००१ ला एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली, कॅलिफोर्नियातल्या वीज घोटाळ्याच्या चौकशीसाठी अमेरिकेच्या ऊर्जा नियामक आयोगाने मेल ताब्यात घेतले होते आणि मार्च २००३ मध्ये ते सगळ्यांसाठी खुले केले. (आयोगाचं लघुरूप "फर्क" होतं. पार्टनरने यावर करायचे ते सगळे जोक करून झालेत.) मग एमआयटीच्या एका प्राध्यापिकेने तो घेतला, एसआरआय नावाच्या संशोधन संस्थेत साफसफाई झाली, आणि आता कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या साइटवर असतो. आमच्याकडची आवृत्ती ७ मे २०१५ ची. साधारण दीडशे लोकांच्या मेलबॉक्स, ५,१७,४०१ मेल. अटॅचमेंट काढून टाकलेल्या. काही लोकांनी विनंती केली म्हणून त्यांचे मेल पण काढलेले.

म्हणजे आपल्या हातात यायच्या आधी हा डेटा किती हातांतून गेलाय बघा. कोर्टात चेन ऑफ कस्टडी, म्हणजे पुरावा कुणाकुणाच्या ताब्यातून आला ते, विचारलं तर सांगताना धाप लागेल.

एसएचए-२५६ हॅश काढला, वहीत पेनने लिहिला, फोटो काढला. मूळ फाइल रीड-ओन्ली करून बाजूला ठेवली.

आणि मग दोन तास वाया. फाइलींची नावं "१." "२." अशी आहेत, आकडा आणि पुढे टिंब, एक्स्टेंशन काहीच नाही. विंडोजला शेवटी टिंब असलेलं नाव चालत नाही. माझ्या लॅपटॉपवर एक्स्ट्रॅक्ट केलं तर नावंच बदलली, आणि मी तशाच बदललेल्या फोल्डरवर काम सुरू पण केलं होतं! पार्टनरच्या लिनक्सवर उघडलं तेव्हा नावं जुळेनात म्हणून लक्षात आलं. सगळं डिलीट, पुन्हा लिनक्सवर. पहिल्याच दिवशी पुराव्याशी छेडछाड. नोंदीत लिहिलंय, लपवलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज हेडर, म्हणजे मेलच्या मजकुराआधीच्या तपशिलाच्या ओळी. क्लासमध्ये शिकवलेलं डोक्यात होतं की रिसीव्हडच्या ओळी खालून वर वाचायच्या, कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ वरती चिकटवतो, एसटीच्या जुन्या पार्सलवर प्रत्येक डेपो चिठ्ठी लावायचा तसं. मोठ्या उत्साहाने पहिला मेल उघडला. रिसीव्हड एक पण नाही. दुसरा, तिसरा, नाहीच. मेल कुठल्या रस्त्याने आला ते सगळं साफसफाईत गेलंय. आहे काय तर तारीख, फ्रॉम, टू, सब्जेक्ट आणि एक्स-फोल्डर, एक्स-फाइलनेम असल्या ओळी, ज्यात मूळ मेलबॉक्सच्या फाइलचं नाव आहे. एनएसएफ असेल तर लोटस नोट्स, पीएसटी असेल तर आउटलुक.

पण मेसेज-आयडी होता, आणि तिथे मजा आली. यादीत पहिल्याच येणाऱ्या मेलबॉक्समधला पाठवलेला पहिला मेल, मजकूर एका ओळीचा, "आमचा अंदाज सोबत जोडलाय" इतकाच. तारीख १४ मे २००१, १६:३९. मेसेज-आयडी असा :

१८७८२९८१.१०७५८५५३७८११०.जावामेल.इव्हान्स@थाइम

मेसेज-आयडीत साधारण पाठवणाऱ्या सिस्टिमचं नाव असतं. एन्रॉनच्या मेलला एन्रॉनचं डोमेन पाहिजे, इथे थाइम नावाचं मशीन कुठून आलं? दुसऱ्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये बघितलं, तिथेही इव्हान्स@थाइम. ट्रेडर असो नाहीतर बडा साहेब, सगळ्यांचा थाइमच. मग मधला आकडा बघितला. तेरा आकडी आणि १ ने सुरू म्हणजे डोळे झाकून सांगता येतं की १९७० पासूनचे मिलिसेकंद असणार. कन्व्हर्ट केला.

४ फेब्रुवारी २००४, ००:४२:५८ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ).

कंपनी बुडून दोन वर्षं होऊन गेलेली आणि मेल "जन्मला" २००४ मध्ये. म्हणजे हा आयडी एन्रॉनच्या सर्व्हरने दिलेलाच नाही, साफसफाई करताना कुणीतरी जावाच्या प्रोग्रॅमने सगळे मेल नव्याने लिहिले आणि त्या प्रोग्रॅमने प्रत्येकावर आपला शिक्का मारला. मी उघडलेल्या बाकी फाइलींचे आकडे पण १०७५८ नेच सुरू होतात. कार्नेगी मेलनची पहिली आवृत्ती २ मार्च २००४ ची, त्याच्या महिनाभर आधी हे काम झालं, बरोबर बसतं.

पार्टनर एकदम ओरडली की ४ फेब्रुवारी २००४ ला तर फेसबुक सुरू झालं! ईमेल आणि सोशल मीडिया एका तारखेला, रिपोर्टची सुरुवात हीच करू. मी म्हटलं थांब, हे यूटीसी आहे. एसआरआय कॅलिफोर्नियात, तिथे तेव्हा ३ तारखेची संध्याकाळची पावणेपाच वाजलेली. फेसबुकवाल्या बॉस्टनकडेही ३ तारीखच. तिचा चेहरा पडला. टाइमझोनने चांगली सुरुवात खाल्ली.

१० ऑगस्ट, रविवार

टाइमझोनचं पुढचं. सगळ्या तारखांच्या शेवटी उणे ०७०० पीडीटी नाहीतर उणे ०८०० पीएसटी (कॅलिफोर्नियाची उन्हाळी आणि हिवाळी वेळ, आउटलुकच्या पीएसटीशी संबंध नाही). कंपनी ह्यूस्टनची, ती सेंट्रल टाइममध्ये, दोन तास पुढे. लंडनहून आलेला मेल असो की मुंबईहून, सगळ्यांवर कॅलिफोर्नियाचं घड्याळ. वरचा तो १६:३९ चा मेल, हेडर खरा धरला तर ह्यूस्टनमध्ये संध्याकाळी ६:३९ आणि आपल्याकडे १५ मेच्या पहाटे ५:०९. तारीखच बदलली. आता "खरा धरला तर" हे किती जड आहे बघा. घड्याळ बदलताना तास नीट बदलले की नुसतं लेबल बदललं, हे त्या फाइलमधून सिद्ध करता येत नाही. म्हणून ठरवलं की रिपोर्टमध्ये कुठेही "मेल अमुक वाजता पाठवला" लिहायचं नाही, "हेडरमध्ये अमुक वेळ नोंदली आहे" एवढंच.

काही मेलची तारीख ३१ डिसेंबर १९७९, दुपारी ४. पार्टनरला वाटलं जुने मेल सापडले. एन्रॉन कंपनीच १९८५ ची आहे बाई. ३१ डिसेंबरची दुपारी ४ कॅलिफोर्नियातली म्हणजे यूटीसीत १ जानेवारी १९८० चे शून्य वाजले, जिथून डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचं कॅलेंडर सुरू होतं. ज्या मेलला तारीखच नव्हती त्याला कुठल्यातरी प्रोग्रॅमने "शून्य" दिला आणि शून्याची ही तारीख झाली. शाळेत जन्मतारीख माहीत नसली की मास्तर १ जून टाकायचे ना, तसंच.

१७ ऑगस्ट, रविवार

डुप्लिकेट काढायचे होते. एमडी५ (हा पण एक हॅश) काढून एकसारखे हॅश असलेल्या फाइली उडवायच्या असं ठरलं, रात्रभर स्क्रिप्ट चालली, सकाळी बघतो तर डुप्लिकेट शून्य. पाच लाखांत एक पण नाही? आम्ही पाच मिनिटं खूश होतो, नंतर अक्कल आली. एकच मेल पाठवणाऱ्याच्या "सेंट"मध्ये, "ऑल डॉक्युमेंट्स"मध्ये, "डिस्कशन थ्रेड्स"मध्ये असतो, पण थाइमने प्रत्येक कॉपीला वेगळा मेसेज-आयडी दिलाय, एक्स-फोल्डरची ओळ पण वेगळी. एक अक्षर बदललं की हॅश पूर्ण बदलतो, मग काय जुळणार.

आता पाठवणारा, तारीख, सब्जेक्ट आणि मजकूर (मधल्या मोकळ्या जागा काढून) एवढ्याचाच हॅश घेतला. जवळपास निम्मे मेल उडाले.

मधे एक विचित्र वाटत राहिलं. डिलीटेड आयटम्स म्हणून फोल्डर आहेत. लोकांनी डिलीट केलेलं पण इथे आहे. कुणाचं घरच्या कर्जाचं, कुणाचं बायकोशी भांडण, कुणी पोराच्या मॅचची वेळ विचारतंय. यातल्या बहुतेकांनी काही गुन्हा केलेला नाही, नोकरी करत होते. २०१३ मध्ये न्यूइक्स नावाच्या कंपनीने या डेटाच्या दुसऱ्या एका आवृत्तीतून खासगी माहिती असलेल्या दहा हजारांवर गोष्टी शोधून काढून टाकल्या होत्या. आमच्या रिपोर्टमध्ये एकही नाव जाणार नाही, मेलबॉक्सला आकडे द्यायचे. सर हो म्हणाले.

२३ ऑगस्ट, शनिवार

एन्रॉनमध्ये रिसीव्हड नाहीत म्हणून स्वतःच्या इनबॉक्सवर प्रॅक्टिस. जीमेलमध्ये तीन टिंबांवर जाऊन "शो ओरिजिनल". सगळ्यात वरची ओळ गुगलची, तिच्यावर भरवसा ठेवायचा कारण ती आपल्या बाजूच्या सर्व्हरने लावलीय. खालच्या ओळी पाठवणारा आधीच लिहून पाठवू शकतो. दोन ओळींच्या वेळेत फरक काढला की मेल कुठे अडकला होता कळतं. कॉलेजचा फीचा मेल स्वतःच्याच सर्व्हरवर चाळीस मिनिटं पडून होता.

एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या नावाने कुठल्या सर्व्हरने मेल पाठवायला परवानगी आहे, डीकेआयएम म्हणजे मजकुरावर डोमेनची सही, डीमार्क म्हणजे दिसणारं फ्रॉम या दोघांपैकी एकाशी तरी जुळतं का आणि नसेल जुळत तर काय करायचं. तिन्ही पास असले तरी मेल पाठवणारा प्रामाणिक आहे असं कुठेही म्हटलेलं नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

जीमेलच्या वेबवरून कुणी मेल पाठवला तर त्याचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) हेडरमध्ये येतच नाही. तो गुगलकडे. पोलिसांनी कलम ९४ बीएनएसएसखाली (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) मागवायचा (जुनं सीआरपीसी ९१). आणि मोबाइल नेटचा आयपी मिळाला तरी एकाच पब्लिक आयपीमागे एका वेळी खूप गिऱ्हाईकं असतात, पोर्ट नंबर आणि सेकंदासकट वेळ नसेल तर कंपनी काय कुणाचं नाव देणार.

उद्यापासून बंद. गणपतीला गावी. कोकण रेल्वे फुल, एसटीच.

२९ ऑगस्ट, शुक्रवार, गावी

लाइट येते-जाते. लॅपटॉप चार्ज करून ठेवलाय.

दादाचा काजूचा धंदा आहे. जूनमध्ये त्याला पिशव्या पुरवणाऱ्याचा मेल आला होता की आमचं बँक खातं बदललंय, ॲडव्हान्स नवीन खात्यात टाका. खातेदाराचं नाव भलतंच दिसलं म्हणून त्याने फोन केला आणि वाचला. मला म्हणाला बघ तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. मी म्हटलं मेल दाखवा. तर मूळ मेल त्याने रागाने डिलीट केला होता, जीमेलच्या ट्रॅशमध्ये तीस दिवस राहतो आणि ते कधीच होऊन गेले. "पण मी तुला फॉरवर्ड केलाय की तेव्हाच!" केला होता खरा, आणि मी न वाचताच ठेवला होता. पण फॉरवर्डमध्ये हेडर दादाचं असतं, दादापासून माझ्यापर्यंतचं. चोराचं हेडर ट्रॅशबरोबर गेलं. मेल फाइल म्हणून जोडून पाठवला असता तर आलं असतं.

तरी फॉरवर्डच्या मजकुरात चोराचा ॲड्रेस दिसत होता. पुरवठादाराच्या डोमेनमध्ये इंग्रजी एम आहे, त्या जागी आर आणि एन शेजारी शेजारी. मोबाइलच्या स्क्रीनवर मी स्वतः तीनदा वाचलं तेव्हा दिसलं. असं डोमेन रीतसर विकत घेतलेलं असतं, त्यामुळे एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क सगळं पास होऊ शकतं, कारण चोर स्वतःच्या डोमेनवरून प्रामाणिकपणे सही करून पाठवतोय!

दादाला १९३०, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा नंबर, सेव्ह करून दिला. पैसे गेले नसले तरी सायबरक्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाक म्हटलं. टाकतो म्हणाला. म्हणजे नाही टाकणार.

३१ ऑगस्ट, रविवार, गावी

गौरी आल्या. दुपारी सगळे जेवून आडवे झाले आणि काका माझ्या शेजारी येऊन बसले. "बाय, त्यात आमच्या कंपनीचं काय हाय ते दाखव."

दाभोळ शोधलं. स्पेलिंग तीन-चार प्रकारे टाकावं लागतं, बी आणि एचची जागा लोक हवी तशी बदलतात. नुसतं डीपीसी (दाभोळ पॉवर कंपनी) शोधलं तर लिंकच्या मधलीच अक्षरं जुळून कचरा येतो, एमएसईबी (राज्य वीज मंडळ) मात्र स्वच्छ शब्द. बरंचसं जे येतं ते वर्तमानपत्रांची कात्रणं, बातम्या कॉपी करून साहेब लोकांना पाठवलेल्या. काकांना इंग्रजी भरभर वाचता येत नाही, मी सांगत गेले आणि ते मधेमधे थांबवून दुरुस्त करत होते. १९९२ चा सामंजस्य करार, मग एन्रॉन समुद्रात बुडवायची भाषा, १९९५ ला युती सरकारने रद्द केला, १९९६ ला पुन्हा सुरू, मे १९९९ ला फेज वनची ७४० मेगावॉट. ही सगळी सालं त्यांना तोंडपाठ. पूर्ण झाला असता तर २१८४ मेगावॉट, हा आकडा त्यांनीच सांगितला. २००१ ला एमएसईबीने बिलं थकवली, वीज महाग पडते म्हणून भांडण, मेच्या शेवटी प्लांट थांबला आणि फेज टूचं बांधकाम पण बसलं.

काकांचा प्रश्न एकच होता. "त्यांना आधी कवा कळलं? आमाला तर सकाळी गेटवर कळलं."

मी मे २००१ चे दाभोळवाले मेल तारखेने लावले. पण इथे अडचण अशी की ह्या दीडशे मेलबॉक्स म्हणजे मुख्यतः अमेरिकेतले ट्रेडर, वकील आणि वरची मंडळी, अंजनवेलला बसणाऱ्या साइट मॅनेजरचा मेलबॉक्स यात नाही, कंत्राटदारांचं तर सोडाच. कात्रणावर जी तारीख आहे ती बातमीची, मेलवर आहे ती कॅलिफोर्नियाच्या घड्याळाची, आणि "कळलं कधी" हे दोन्हींत नाही. हे काकांना समजावणं सोपं नव्हतं. त्यांनी उठून कपाटातून एक पाकीट आणलं. त्यात गेट पास. लॅमिनेशन पिवळं पडलेलं, कोपऱ्यात हवा शिरून फुगलेलं, फोटोत काका तरुण आणि मिशी मोठी. खाली जांभळा शिक्का, ३० सप्टेंबर २००१ पर्यंत वैध.

"हे बघ. सप्टेंबरपर्यंत पास दिला. म्हंजे कंत्राटदाराला पण म्हाईत नव्हतं."

मी पास उलटसुलट बघितला. दिल्याची तारीख कुठेच नाही. विचारलं कधी दिला होता? म्हणाले आठवत नाही, वर्षाच्या सुरुवातीला एकदम गठ्ठ्याने शिक्के मारून ठेवायचे आणि लागेल तसे वाटायचे. म्हणजे शिक्क्यावरून कंत्राटदाराला मे महिन्यात काय माहीत होतं ते कळत नाही, शिक्का मारला तेव्हाचं कळतं, आणि तो मारला कधी तेच माहीत नाही. हे मी तोंडाने बोलले नाही. काकूने चहा आणला.

७ सप्टेंबर, रविवार

परत मुंबई. सोशल मीडियाचा भाग. दुसऱ्यांच्या अकाउंटला हात लावायचा नाही म्हणून स्वतःचाच डेटा. फेसबुकमधून "डाउनलोड युअर इन्फर्मेशन", जेसन फॉरमॅट (साधी मजकुराची फाइल, प्रोग्रॅमला वाचता येईल अशी).

टूलमध्ये "पैसे" शोधलं. शून्य रिझल्ट. मी रूममेटकडे पैसे मागितल्याचे मेसेज किती आहेत ते मला माहीत आहे, शून्य शक्यच नाही. फाइल एडिटरमध्ये उघडली तर मराठीच्या जागी उलट्या रेघा आणि आकड्यांची खिचडी. झालंय असं की यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) देवनागरीचं एक अक्षर तीन बाइटचं असतं, आणि फेसबुकचा एक्स्पोर्ट त्या तिन्ही बाइट तीन वेगळी युरोपीय अक्षरं समजून लिहितो. प्रत्येक अक्षर "ई०" ने सुरू होतं, एकदा दिसलं की मग सगळीकडे तेच दिसतं. लॅटिन-१ मध्ये (युरोपीय अक्षरांची एक-बाइटवाली पद्धत) उलटं एन्कोड करून यूटीएफ-८ ने वाचलं की मराठी परत येते. दोन ओळींचा पायथन.

पण ज्याला मराठी येत नाही किंवा ज्याने फाइल उघडून बघितली नाही, तो रिपोर्टमध्ये बिनधास्त लिहील की "पैसे" हा शब्द आढळला नाही. इंग्रजी मेसेजमध्ये हा प्रॉब्लेम दिसतच नाही, म्हणून इंग्रजीत लिहिलेल्या ट्युटोरियलमध्ये पण सापडत नाही. मला वाटतं आमच्या पूर्ण प्रोजेक्टमध्ये मराठी माणसाने वाचावी अशी हीच नोंद आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

त्याच्याच पुढचं. मराठी परत आली, आता "दुसऱ्या खात्यात" शोधलं. निम्मे सापडतात, निम्मे नाहीत. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात! अर्धा तास स्क्रीनला नाक लावून बसले. मग कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक अक्षराचा आतला नंबर, छापून बघितले. काही कीबोर्ड त्या अर्ध्या र साठी खाली टिंब असलेला ऱ वापरतात, काही साधा र, हलन्त आणि पुढे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं जोडचिन्ह लावतात. दिसायला "ऱ्या" एकच, आतून दोन. भरणाऱ्या, घेणाऱ्या, खऱ्या, सुऱ्या, असले शब्द पैशाच्या आणि धमकीच्या केसमध्ये कमी येतात का? शोधायच्या आधी सगळं एका रूपात आणायचं, नाहीतर दोन्ही रूपं टाकायची. शिवाय लोक रोमनमध्ये लिहितात ते वेगळंच, "पैसे"चं रोमन स्पेलिंग आमच्या ग्रुपवर पाच प्रकारे सापडलं.

सरांना दाखवलं. पहिल्यांदाच सर स्वतः खुर्ची ओढून बसले.

१३ सप्टेंबर, शनिवार

व्हॉट्सॲप. अँड्रॉइडवर मेसेज एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये, वेळ मिलिसेकंदात. आयफोनवर वेळ १ जानेवारी २००१ पासून मोजतात, विसरलं की माणूस एकतीस वर्षं मागे जातो. रूट न करता (फोनचं कुलूप तोडून आतल्या फाइलींपर्यंत न जाता) आम्हाला एक्स्पोर्ट चॅटच मिळालं, तेवढ्यावर काम.

एकच ग्रुप दोघींच्या फोनवरून एक्स्पोर्ट केला. माझ्या फाइलमध्ये गणपतीनंतरचा मेसेज ०७/०९/२५ आणि तिच्यात ९/७/२५. तिच्या फोनची भाषा अमेरिकन इंग्रजी. दोन्ही फाइली एकत्र करून टाइमलाइन काढली तर तिचं अर्धं बोलणं जुलैत गेलं, माझी उत्तरं सप्टेंबरात. ती दोन महिने माझ्याशी एकटीच बोलत होती असं दिसत होतं, जे तसं फार खोटं नाही.

फोटोचं : व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की एक्झिफ, म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये लपलेली माहिती, जातं, कॅमेरा, जागा, काढल्याची वेळ सगळं. फाइलच्या नावात तारीख असते पण ती त्या फोनवर फाइल आली-गेली तेव्हाची, फोटो काढल्याची नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर एक्झिफ राहतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

एक्स, म्हणजे ट्विटर. इथे उलटा अनुभव, थोडा सुखद. ट्विटच्या लिंकमधला लांबलचक नंबर नुसता अनुक्रमांक नाही, त्यातच वेळ आहे. नंबर २२ बिट उजवीकडे सरकवायचा, १२८८८३४९७४६५७ मिळवायचे, मिलिसेकंदातली वेळ हातात. नोव्हेंबर २०१० पासून ही पद्धत. कुणी स्क्रीनशॉट दाखवला की मी हे निकालाच्या आधीच लिहिलं होतं आणि लिंक दिली, तर ट्विट डिलीट झालं असलं तरी नंबरावरून वेळ निघते, कारण ती त्यांच्या सर्व्हरने टाकलीय, माणसाच्या फोनच्या घड्याळाने नाही. लिंक टाइप करून कुणीही खोटी बनवू शकतं हे वेगळं.

इन्स्टाचं एका ओळीत : युजरनेम नाही, आकडी आयडी नोंदवायचा. नाव लोक आठवड्याला बदलतात.

२० सप्टेंबर, शनिवार

सर्टिफिकेटचा भाग, डिजिटल पुरावा कोर्टात देताना जोडायचं ते. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब गेलं, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आलं. नमुन्यात दोन भाग, अ भाग डिव्हाइस ज्याच्या ताब्यात त्याने भरायचा, ब भाग तज्ज्ञाने, हॅश आणि तो कुठल्या पद्धतीने काढला ते दोन्हींत. सर्टिफिकेट लागतंच हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ज्या केसमध्ये पक्कं केलं ती आपल्या जालन्याची, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, उमेदवारी अर्ज वेळेत भरला की नाही यावरून निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातल्या व्हिडिओवर भांडण होतं. ती पण शेवटी घड्याळाचीच केस.

आम्ही सरावासाठी एन्रॉनच्या डेटाचं सर्टिफिकेट भरायला घेतलं. अ भागात "हे साधन माझ्या कायदेशीर ताब्यात होतं" इथे पेन थांबला. कोण भरणार? एन्रॉन नाही, आयोगाने दिलं, थाइम कुठे असेल देवाला माहीत. पार्टनरने समासात पेन्सिलने इव्हान्स लिहिलं आणि खोडलं.

रिपोर्ट ६२ पानं. सरांनी दाभोळचं प्रकरण कापून दीड पानावर आणायला सांगितलं. दादाचं "आर-एन" ठेवा म्हणाले, "ऱ्या" वाढवा म्हणाले.

२१ सप्टेंबर, रविवार

रिपोर्टला काकांच्या गेट पासचा फोटो लावू असं ठरलं, नाव झाकून. काल त्यांना फोन केला होता, फोटो काढून पाठवा म्हणून. सकाळी आला. जांभळा शिक्का स्पष्ट, शेजारी त्यांचा अंगठा आणि खालच्या टेबलक्लॉथची फुलं. फाइलचं नाव आयएमजी-२०२५०९२१-डब्ल्यूए०००४. फोटो त्यांनी काल रात्रीच काढला होता म्हणे, लाइट गेली म्हणून पाठवायचा राहिला.

मेसेज टाकला, "काका, पुन्हा पाठवा, डॉक्युमेंट म्हणून." दहा मिनिटांनी त्यांचा व्हॉइस मेसेज. "अगं बाय, ह्यो कागदच हाय की, अजून कसला डॉक्युमेंट?"